लोकलसारखं चालणारं वाफेचं इंजिन: ऑलिव्हर बुलीड आणि त्यांचं फसलेलं ‘लीडर’



मुंबईची लोकल शेवटच्या स्टेशनवर पोहोचली की तिला कुणी फिरवत बसत नाही. दोन्ही टोकांना मोटरमनची केबिन असते. त्यामुळे आलेली गाडी थोड्याच वेळात उलट्या दिशेने निघते. मुंबईत ही सोय खूप जुनी आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला अशी पहिली विजेची गाडी धावली, तेव्हापासूनची.

वाफेच्या इंजिनाचं तसं नव्हतं. त्याचं तोंड एका बाजूला, ड्रायव्हर मागे, आणि त्याच्याही मागे कोळसा-पाण्याचा डबा. उलट जायचं तर इंजिन एका मोठ्या गोल फिरत्या चकतीवर, म्हणजे टर्नटेबलवर नेऊन फिरवावं लागायचं.

मग एका इंजिनिअरने विचार केला की वाफेचं इंजिनच लोकलसारखं का बनवू नये? दोन्ही टोकांना केबिन, सगळी यंत्रणा आत झाकलेली, सगळ्या चाकांना ताकद. त्याने तसं इंजिन खरंच बनवलं. त्याचं नाव ‘लीडर’, साल १९४९. आणि हा प्रयोग जोरदार आपटला.

त्या इंजिनिअरचं नाव ऑलिव्हर बुलीड. रेल्वेचे मॉडेल बनवणाऱ्या छंदी लोकांमध्ये आजही हे नाव निघालं की दोन तट पडतात. एक म्हणतो जीनियस, दुसरा म्हणतो पैसे उडवणारा माणूस. मला स्वतःला या दोन्ही शिक्क्यांपेक्षा त्यांचं आयुष्य जास्त इंटरेस्टिंग वाटतं. कारण नवीन टेक्नॉलॉजी बनवणाऱ्या प्रत्येकाला पडणारे प्रश्न त्यात आहेत. चला तर मग, सुरुवातीपासून बघूया.

आधी दोन मिनिटांत वाफेचं इंजिन

पुढचं नीट समजण्यासाठी एवढं माहीत हवं. भट्टीत कोळसा जळतो. तिथली गरम हवा बॉयलरमधल्या नळ्यांतून धुरांड्याकडे जाते. नळ्यांभोवती पाणी असतं, त्याची वाफ होते. दाबाखालची ही वाफ सिलिंडरमध्ये जाऊन पिस्टन ढकलते आणि पिस्टनला जोडलेले लोखंडी दांडे चाकं फिरवतात.

आता वाफ सिलिंडरमध्ये नेमकी कधी सोडायची आणि कधी बाहेर काढायची? हे काम व्हॉल्व्ह करतात. त्यांना योग्य वेळी हलवणाऱ्या दांड्यांच्या जुळणीला ‘व्हॉल्व्ह गिअर’ म्हणतात. इंजिनाचं टायमिंग याच्या हातात असतं. टायमिंग बिघडलं की कोळसा जळतो, पण ताकद मिळत नाही.

या इंजिनाच्या अडचणी काय होत्या? थंड इंजिन तयार करायला काही तास लागायचे. रोज राख काढा, प्रत्येक सांध्याला तेल द्या, नळ्या साफ करा. समोर लांबलचक बॉयलर असल्यामुळे ड्रायव्हरला पुढचं नीट दिसायचं नाही. बरंच वजन अशा चाकांवर असायचं जी नुसती फिरतात, ओढत नाहीत. आणि फायरमन नावाचा माणूस अख्खा प्रवासभर फावड्याने कोळसा टाकत राहायचा.

बुलीड यांचं जवळजवळ सगळं काम या यादीतली एकेक अडचण काढून टाकण्यासाठी होतं.

न्यूझीलंडमध्ये जन्म, डॉनकास्टरमध्ये शिक्षण

ऑलिव्हर बुलीड यांचा जन्म १९ सप्टेंबर १८८२ चा, न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाजवळच्या इन्व्हरकार्गिल गावातला. आईवडील मूळचे ब्रिटनचे. १८८९ मध्ये वडील वारले आणि आई मुलांना घेऊन वेल्समधल्या आपल्या माहेरगावी, लानव्हिथ्लिनला परतली.

१९०१ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ते इंग्लंडमधल्या डॉनकास्टरच्या रेल्वे कारखान्यात उमेदवार म्हणून लागले. ग्रेट नॉर्दर्न रेल्वेचा हा कारखाना. तिथले मुख्य इंजिनिअर होते हेन्री आयव्हॅट. १९०८ मध्ये बुलीड यांनी त्यांच्याच मुलीशी, मार्जोरीशी लग्न केलं.

पण सासऱ्यांच्या सावलीत बसून राहणं त्यांनी पसंत केलं नाही. त्याच वर्षी ते पॅरिसला गेले आणि रेल्वेचे ब्रेक बनवणाऱ्या वेस्टिंगहाऊस कंपनीत टेस्ट इंजिनिअर झाले. त्यानंतर ब्रुसेल्स आणि ट्युरिन इथल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांचं काम केलं. इंग्लंडबाहेरचे लोक काय बनवतात, कसं बनवतात, हे त्यांनी तरुण वयातच पाहिलं. पुढे आयुष्यभर ‘आमच्याकडे असंच करतात’ हे उत्तर त्यांना कधी पटलं नाही, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

१९१२ च्या शेवटी ते डॉनकास्टरला परतले, नायजेल ग्रेस्ली यांचे सहायक म्हणून. मधली पहिल्या महायुद्धाची वर्षं सोडली, तर ही जोडी पंचवीस वर्षं टिकली.

ग्रेस्ली यांच्या हाताखालचे प्रयोग

ग्रेस्ली हे ब्रिटनच्या वाफेच्या इंजिनांमधलं सगळ्यात मोठं नाव. त्यांच्या ‘मॅलार्ड’ इंजिनाने ३ जुलै १९३८ रोजी ताशी १२६ मैलांचा, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटरचा वेग गाठला. पण हेच ग्रेस्ली प्रयोगही करायचे, आणि बुलीड त्यांच्या सोबत असायचे.

१९२९ मध्ये ग्रेस्ली यांनी १०००० नंबरचं इंजिन बाहेर काढलं. काम इतकं गुपचूप चाललं होतं की त्याला ‘हश-हश’ असं टोपणनाव पडलं. त्यात जहाजावर वापरतात तशा पद्धतीचा बॉयलर होता. दाब दर चौरस इंचाला ४५० पौंड, म्हणजे त्या काळच्या नेहमीच्या इंजिनांच्या दुपटीहून जास्त. अंदाज यावा म्हणून सांगतो, कारच्या टायरमध्ये हा आकडा साधारण ३२ असतो. इंजिन चाललं, पण अपेक्षित फायदा मिळाला नाही. शेवटी १९३७ मध्ये त्याला साधा बॉयलर बसवला.

१९३४ मध्ये ‘कॉक ओ’ द नॉर्थ’ नावाचं आठ मोठ्या चाकांचं इंजिन आलं. ते तपासायला थेट फ्रान्समधल्या व्हित्री इथल्या चाचणी केंद्रात नेलं, आणि सोबत बुलीड गेले. तिथे इंजिन मोठ्या रोलर्सवर उभं करून जागच्या जागी धावडवायचे आणि ताकद, कोळसा, पाणी सगळं मोजायचे. ट्रेडमिलवर माणसाचं हृदय तपासतात ना, अगदी तसंच.

इथे एक फरक लक्षात ठेवा. ग्रेस्ली बहुतेक वेळा एका इंजिनात एकच मोठी नवी गोष्ट करून बघायचे. बाकीचं सगळं ओळखीचं. त्यामुळे फसलं तरी कशामुळे फसलं ते कळायचं, आणि इंजिन दुरुस्त करून वापरता यायचं.

पन्नाशी उलटल्यावर मिळालेली खुर्ची

१९३७ मध्ये बुलीड सदर्न रेल्वेचे मुख्य मेकॅनिकल इंजिनिअर झाले. वय पंचावन्न. आयुष्यात पहिल्यांदाच शेवटचा शब्द त्यांचा होता.

गंमत अशी की ही रेल्वे वाफेतून बाहेर पडत होती. लंडनच्या दक्षिणेकडचे मार्ग एकामागून एक विजेवर जात होते. वीज रुळाशेजारच्या तिसऱ्या रुळातून मिळायची. पण हा तिसरा रूळ सांधे बदलतात तिथे तुटक असतो. लांबलचक लोकलला अडचण नाही, तिचा कुठला तरी डबा विजेला चिकटलेला असतोच. एकटं इंजिन मात्र त्या फटीत अडकतं. बुलीड आणि विजेचे इंजिनिअर आल्फ्रेड रॅवर्थ यांनी १९४१ मध्ये यावर मस्त तोडगा काढला. इंजिनात एक जड फिरतं चाक ठेवलं. फट आली की ते चाक आपल्या वेगाने फिरत राहतं आणि जनरेटर चालवतं. आपल्या कॉम्प्युटरला जसा यूपीएस, तसा त्या इंजिनाला फ्लायव्हील. ही आयडिया यशस्वी झाली.

म्हणजे विजेचं इंजिन बुलीड यांना उत्तम कळत होतं. तरीही त्यांना वाटायचं की वाफेकडून अजून बरंच काही मिळवता येईल.

तेलाच्या टाकीत बुडवलेली चेन

दुसरं महायुद्ध सुरू असताना, १९४१ मध्ये, ‘मर्चंट नेव्ही’ वर्गाचं पहिलं इंजिन आलं. युद्धकाळात नुसत्या एक्सप्रेस इंजिनाला परवानगी मिळणं अवघड होतं. म्हणून कागदोपत्री ते प्रवासी आणि मालगाडी दोन्हींसाठी असल्याचं दाखवलं. नावं मात्र समुद्री जहाज कंपन्यांची. त्यातलं एक ‘ब्रिटिश इंडिया लाईन’. मुंबईहून आखाताकडे आणि आफ्रिकेकडे ज्यांची जहाजं सुटायची, तीच ही कंपनी.

इंजिनाचा बॉयलर उत्कृष्ट होता. दाब २८० पौंड, भट्टी वेल्डिंग केलेल्या पोलादाची. केबिनमध्ये विजेचे दिवे होते. भट्टीचं दार पायाने पेडल दाबलं की वाफेच्या जोरावर उघडायचं, त्यामुळे फायरमनचे दोन्ही हात फावड्यावर राहायचे. फायरमनचा इतका विचार तेव्हा फार थोडे लोक करत होते.

मग आली व्हॉल्व्ह गिअर. रोजचं तेल देणं, साफ करणं टाळण्यासाठी बुलीड यांनी ती अख्खी यंत्रणा तेलाने भरलेल्या बंद टाकीत ठेवली आणि ती चालवायला चेन लावल्या. मोटारीच्या इंजिनात असतं तसंच. कागदावर झकास! प्रत्यक्षात काय झालं? चेन हळूहळू ढिली पडायची आणि टायमिंग चुकायचं. टाकीतून तेल गळायचं. ते रुळावर पडलं की चाकं घसरायची, आणि बॉयलरच्या आवरणात झिरपलं की ठिणगीने पेट घ्यायचं.

१९४२ मध्ये आलेलं ‘क्यू वन’ याच्या अगदी उलट. युद्धात लोखंडाची टंचाई, म्हणून जे जे काढता येईल ते काढून टाकलं. बाजूच्या फळ्या नाहीत, चाकांवरची झाकणं नाहीत, शोभा तर मुळीच नाही. दिसायला लोखंडी पिंपासारखं. पण सुमारे ५१ टनांचं हे इंजिन त्या प्रकारच्या सहा चाकांच्या ब्रिटिश इंजिनांमध्ये सगळ्यात ताकदवान ठरलं. अशी चाळीस बनली आणि चाळीसही इमानदारीत कामाला आली. यातलं पहिलं आज ब्रिटनच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाच्या मालकीचं आहे.

माझ्या मते या दोन इंजिनांत बुलीड यांची पूर्ण ओळख आहे. साधन कमी असलं की त्यांचं डोकं धारदार चालायचं. मोकळीक जास्त मिळाली की ते एकाच वेळी फार गोष्टी बदलायचे.

आणि मग लीडर

उपनगरी मार्गांवरची जुनी छोटी इंजिनं बदलायची होती. त्यासाठी १९४६ मध्ये पाच नव्या इंजिनांची ऑर्डर निघाली. १ जानेवारी १९४८ ला ब्रिटनच्या रेल्वे सरकारी झाल्या, तरी काम चालू राहिलं. जून १९४९ मध्ये ब्रायटनच्या कारखान्यातून ३६००१ नंबरचं लीडर बाहेर पडलं.

फोटो पाहिला तर ते डिझेल इंजिन वाटेल. ६७ फूट लांब चपटा डबा, दोन्ही टोकांना केबिन. खाली सहा-सहा चाकांच्या दोन बोग्या. एकूण एक चाक ओढणारं, म्हणजे सगळं वजन कामाला. प्रत्येक बोगीत तीन सिलिंडर, आणि चाकं एकमेकांना चेनने जोडलेली. टर्नटेबलची गरजच नाही.

आता यात नवीन काय काय होतं ते मोजूया.

एक, स्लीव्ह व्हॉल्व्ह. पिस्टनभोवती बाहीसारखी धातूची एक नळी सरकते आणि तिच्या भोकांतून वाफ आत-बाहेर जाते. तेव्हाच्या काही विमानांच्या इंजिनांत हे तंत्र यशस्वी झालं होतं. पण वाफेच्या उष्णतेत त्या नळ्या अडकायच्या आणि तुटायच्या.

दोन, भट्टी. नेहमीच्या इंजिनात भट्टीच्या भिंतींमागे पाणी असतं, ते भिंती थंड ठेवतं. लीडरमध्ये तसं पाणी नव्हतं, विटांचं अस्तर होतं. आगीत त्या विटा ढासळायच्या.

तीन, बॉयलर मधोमध नव्हताच. एका टोकाच्या केबिनमधून दुसरीकडे जायला आतून बोळ हवा होता, म्हणून बॉयलर एका बाजूला सरकवला. त्यामुळे इंजिन एका अंगाला जड झालं. तोल साधायला दुसऱ्या बाजूला भंगार लोखंड भरलं. वजन १३० टनांवर गेलं, आणि इतकं जड इंजिन हव्या त्या मार्गावर सोडता येईना.

चार, चेन. पाच, नव्या पद्धतीच्या बोग्या. आणि हे सगळं एकाच इंजिनात, एकाच वेळी! स्लीव्ह व्हॉल्व्ह आधी ‘हार्टलँड पॉइंट’ नावाच्या एका जुन्या इंजिनावर बसवून पाहिले होते, एवढंच. पण त्या चाचण्यांचे धडे पचायच्या आत पाच लीडरचं काम सुरू झालं होतं. फोनमध्ये नवा प्रोसेसर, नवी बॅटरी, नवी स्क्रीन आणि नवीन सॉफ्टवेअर एकदम टाकलं आणि फोन तापायला लागला, तर दोष कुणाचा हे शोधणार कसं? लीडरचं नेमकं तेच झालं.

मधल्या खोलीतला माणूस

पण लीडरची खरी गोष्ट मला यंत्रात दिसत नाही, ती मधल्या खोलीत दिसते.

ड्रायव्हर पुढच्या टोकाला, हवेशीर केबिनमध्ये. फायरमन मात्र इंजिनाच्या मध्यभागी, भट्टीच्या तोंडाशी, बंद खोलीत. साध्या इंजिनात केबिन मागून उघडी असते, वारा लागतो, दोघं एकमेकांना बघत-बोलत काम करतात. इथे फायरमन एकटा. बाहेर जायचं दार एकाच बाजूला. इंजिन त्या बाजूला कलंडलं तर बाहेर पडायचं कुठून, ही भीती कामगारांनी उघड मांडली. आणि उष्णता? ती पन्नास अंश सेल्सिअसच्या आसपास जायची. विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी बंद पत्र्याच्या शेडमध्ये उभं राहून भट्टीत कोळसा टाकतोय अशी कल्पना करा.

मला हे खटकतं. कारण मर्चंट नेव्हीमध्ये फायरमनच्या पायाखाली पेडल देणारा माणूस हाच होता. कामगारांचे कष्ट कमी करायचे हीच लीडरमागची एक मोठी प्रेरणा होती. डिझाईनच्या ओघात मात्र ज्याच्यासाठी हे चाललं होतं, त्याच माणसाला सगळ्यात वाईट जागा मिळाली. मला वाटतं, टेक्नॉलॉजीत हे वरचेवर घडतं. कागदावर सगळं जागेवर बसतं. ती उष्णता त्या जागेत उभ्या राहणाऱ्यालाच कळते.

चाचण्या १९५० च्या शेवटापर्यंत चालल्या. ईस्टलीजवळ मोजमापाचा खास डबा जोडून लीडरची एका साध्या, जुन्या वर्गाच्या इंजिनाशी तुलना केली. लीडरने कोळसाही जास्त खाल्ला आणि पाणीही जास्त प्यायलं. तिकीट काढलेल्या प्रवाशांची एकही गाडी त्याने कधी ओढली नाही. १९५१ मध्ये ते इंजिन आणि अर्धवट राहिलेली बाकीची चार, सगळी तोडून भंगारात गेली. एकूण खर्च पावणेदोन लाख पौंडांच्या वर गेला होता.

हे सगळं घडत असताना बुलीड तिथे नव्हतेच. सप्टेंबर १९४९ मध्येच त्यांनी ब्रिटिश रेल्वे सोडली होती.

सगळंच फसलं का?

त्याच १९४९ मधल्या त्यांच्या आणखी दोन कल्पना बघा. एक, दोन मजली लोकल. ब्रिटनचे बोगदे बुटके, म्हणून पूर्ण दोन मजले बसत नव्हते. खालच्या आणि वरच्या सीट एकमेकींत गुंतवून त्यांनी जागा काढली. माणसं जास्त मावली, पण दारं तेवढीच. त्यामुळे स्टेशनवर चढ-उतार करायला फार वेळ लागायचा. मुंबईत लोकलने फिरणाऱ्याला हा मुद्दा समजावून सांगायला नको! अशा दोनच गाड्या बनल्या, पण त्या १९७१ पर्यंत धावल्या. दुसरी कल्पना म्हणजे पबसारखे डबे. बाहेरून विटांची भिंत रंगवलेली आणि आत बसायच्या जागेला धड खिडक्याच नाहीत. लोकांनी ओरड केली, मग खिडक्या बसवल्या.

मर्चंट नेव्ही इंजिनांचं पुढे काय झालं? १९५३ मध्ये त्यातल्या एकाचा आस धावत्या गाडीत तुटला. सुदैवाने कुणाचा जीव गेला नाही, पण सगळी इंजिनं तपासायला काढावी लागली. १९५६ पासून रॉन जार्विस या इंजिनिअरच्या देखरेखीखाली त्यांची पुनर्बांधणी झाली. सुरुवात झाली ‘ब्रिटिश इंडिया लाईन’पासून. चेन आणि तेलाची टाकी काढली, साधी व्हॉल्व्ह गिअर बसवली. बॉयलर मात्र बुलीड यांचाच ठेवला. ही सुधारलेली इंजिनं इतकी चांगली निघाली की जुलै १९६७ मध्ये त्या भागातली वाफ संपेपर्यंत त्यातली काही धावत होती.

आयर्लंड, आणि एक शेवटचा डाव

बुलीड आयर्लंडच्या रेल्वेत गेले. तिथे त्यांनी डिझेल इंजिनं मोठ्या संख्येने आणली. म्हणजे देशातली वाफ संपवण्याचं काम त्यांच्याच हातून सुरू झालं.

तरी वाफेवरचा जीव सुटला नव्हता. आयर्लंडमध्ये कोळसा फार नाही, पण पीट भरपूर आहे. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेल्या वनस्पतींचा थर. तो कापून, वाळवून लोक घरात जाळतात. स्वस्त, स्वदेशी इंधन! १९५७ मध्ये डब्लिनच्या इंचिकोर कारखान्यातून पीटवर चालणारं ‘सीसी वन’ बाहेर पडलं. पुन्हा दोन बोग्या, पुन्हा चेन. पण यावेळी बॉयलर नीट मध्यभागी, साधे पिस्टन व्हॉल्व्ह, आणि इंधन टाकायला यंत्र. लीडरमधल्या कितीतरी चुका इथे दुरुस्त झालेल्या दिसतात.

पण काळ थांबला नव्हता. डिझेल आलं होतं. १९५८ मध्ये बुलीड निवृत्त झाले आणि सीसी वन बाजूला पडलं. १९६५ मध्ये तेही तोडलं. बुलीड यांचे शेवटचे दिवस माल्टा बेटावर गेले. २५ एप्रिल १९७० रोजी, ८७ व्या वर्षी, ते तिथेच वारले.

फसलेल्या इंजिनावर लोक प्रेम का करतात?

आता येऊया छंदी लोकांकडे. लीडर आज कुठेही उभं नाही. उरले ते फोटो, आराखडे आणि चाचण्यांचे अहवाल. म्हणून मॉडेल बनवणाऱ्यांना त्याचं वेड आहे. यशस्वी इंजिन संग्रहालयात जाऊन बघता येतं. हे बघायचं तर स्वतःच बनवावं लागतं.

ब्रिटनमध्ये सगळ्यात लोकप्रिय माप आहे ‘डबल ओ’. त्यात खऱ्या एका फुटाला ४ मिलिमीटर धरतात, म्हणजे साधारण ७६ पट लहान. या मापात ६७ फुटांचं लीडर जेमतेम २७ सेंटिमीटरचं होतं. शाळेच्या पट्टीपेक्षाही छोटं. यात एक मजा आहे. या मापाप्रमाणे रुळांमधलं अंतर १८.८३ मिलिमीटर हवं, पण ते १६.५ ठेवतात. कारण ब्रिटिश इंजिनं आकाराने लहान असतात आणि जुन्या काळच्या मोटरी त्यात मावत नव्हत्या. म्हणून वरचं इंजिन थोडं मोठं केलं आणि रूळ होते तेवढेच ठेवले. काही कट्टर मंडळींना हे सहन होत नाही. ते १८.८३ चेच रूळ स्वतःच्या हाताने घालतात.

आता तर थ्रीडी प्रिंटर आलेत. मॉडेलचा वेग, दिवे आणि आवाजसुद्धा मोबाईलच्या ॲपवरून चालवता येतात. रेल्वे मॉडेलचं हे जग जवळून बघायचं असेल तर पुण्यात कर्वे रोडच्या परिसरात जोशींचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय आहे, एकदा जाऊन या.

दुसरा एक गट खऱ्या वाफेवर चालणारी मॉडेल बनवतो. पाच इंच रुंदीच्या रुळावर, खरा कोळसा जाळून, मागे माणसं बसवून ही इंजिनं धावतात. इथे शास्त्र आडवं येतं. वस्तू लहान केली की तिचं घनफळ पृष्ठभागापेक्षा खूप वेगाने घटतं, म्हणून छोटा बॉयलर लवकर थंड होतो. मोठ्या इंजिनाचा आराखडा नुसता लहान करून चालत नाही, पुन्हा डोकं लावावं लागतं.

आणि काहींचा छंद तर खऱ्याच मापाचा! बुलीड यांची ११ मर्चंट नेव्ही आणि त्याच घराण्यातली थोडी हलकी २० इंजिनं आज शिल्लक आहेत. त्यातली बरीचशी वेल्समधल्या बॅरी इथल्या भंगारवाल्याकडून लोकांनी पैसे जमवून सोडवली. ‘जनरल स्टीम नॅव्हिगेशन’ नावाच्या इंजिनावर तर एक गट उलटं काम करतोय. साधी व्हॉल्व्ह गिअर काढून बुलीड यांची मूळ चेनवाली यंत्रणा परत बसवायची, असा त्यांचा निश्चय आहे. ग्रेस्ली यांच्या आठ चाकांच्या इंजिनाचा नवा भाऊ ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ हाही असाच लोकवर्गणीतून उभा राहतोय. त्यातले जुने दोष शोधायला कॉम्प्युटर सिम्युलेशन वापरलंय. बुलीड यांच्याकडे हे असतं तर त्या विटा कागदावरच ढासळल्या असत्या, असं मला राहून राहून वाटतं.

मला काय वाटतं

‘डबल ओ’ मापाचं लीडर अगदी सुरळीत चालतं. दोन्ही दिशांना, सगळ्या चाकांना ताकद, काही तापत नाही, काही गळत नाही. कारण सोपं आहे. त्याच्या पोटात विजेची मोटर असते.

बुलीड यांचा प्रश्न बरोबर होता असं मी म्हणतो ते यामुळेच. दोन्ही टोकांना केबिन, सगळं वजन ओढणाऱ्या चाकांवर, कमी देखभाल, झटपट तयारी. आजचं जवळजवळ प्रत्येक डिझेल आणि विजेचं इंजिन यातलं बरंच काही देतं. फक्त त्यांनी त्याचं उत्तर वाफेत शोधलं, आणि एका घासात सगळं गिळायचा प्रयत्न केला.

कधी लीडरचं मॉडेल किंवा फोटो समोर आला तर आधी दोन्ही टोकांच्या केबिन बघा, त्या छान आहेत. मग नजर मधल्या छोट्या दारावर आणा. त्या दाराच्या आत फायरमन उभा असायचा.